एका पायरीचा जिना

मी एक जुनी लाकडी पायरी आहे, मित्रांनो. जिना नव्हे, नुसती पायरी. माझ्या खाली दुसरी पायरी नाही आणि वरही नाही. माझ्यावर चढून कोणी माडीवर पोचत नाही. माणूस चढतो आणि होता तिथेच, वीतभर उंच होऊन उभा राहतो. मग उतरतो. एवढेच माझे काम. पण तुम्ही मोठ्या माणसांचे फोटो पाहता, त्यांच्याविषयी वाचता, तेव्हा त्यांना चेहऱ्याकडून ओळखता. मी एका मोठ्या बाईंना तळपायांकडून ओळखत होते. चेहरा माणसाला सांभाळता येतो. पायांना सांभाळायचे कोणाच्या लक्षातच येत नाही.

खरे तर माझा जन्म जिन्यासाठीच झाला होता. एका सुताराच्या कारखान्यात नव्या सभागृहाचे काम चालले होते. दिवसभर रंधा फिरायचा. सागवानाचा बारीक भुसा खिडकीतून येणाऱ्या उन्हात तरंगत राहायचा आणि आम्ही फळ्या भिंतीला टेकून, अर्धवट झोपेत आपापल्या पाळीची वाट पाहायचो. मला एकच स्वप्न पडे. मी जिन्याची सगळ्यात वरची पायरी झाले आहे, शेजारी उंच खिडकी आहे आणि खालून कितीतरी पावले माझ्याकडे येत आहेत. जिना पुरा झाला, गाडीत चढून निघूनही गेला. मी मात्र मागेच राहिले. माझ्या अंगात एक गाठ होती, डोळ्यासारखी गोल. सुतार म्हणाला, "ही राहू दे. गाठीवर पाय घसरतो." मग बरेच दिवस माझ्यावर लाकूड चिकटवायच्या सरसाचे भांडे बसून होते.

एका दुपारी कारखान्याच्या दारात दोन बूट येऊन थांबले. लहानसे, काळे, नाडीला दुहेरी गाठ मारलेले. सुताराची भाची आली होती. ती शाळेत शिकवायची. नुकतीच निवडून येऊन सभागृहाची सदस्य झाली होती, पण सगळे गाव तिला अजून बाईच म्हणायचे. मीही तसेच म्हणेन.

"मामा, मला एक वस्तू करून दे," बाई म्हणाल्या.

"टेबल की खुर्ची?"

"उंची."

मामा हसला नाही. त्याने रंधा खाली ठेवला आणि विचारले, "काय झालं?"

"सभागृहातला पोडियम तूच केलास ना? त्याचं माप कोणाला उभं करून घेतलंस?"

"वकीलसाहेबांना. त्या दिवशी तेच आले होते. का गं?"

"अख्ख्या सभागृहात त्यांच्याएवढं उंच कोणी नाही, म्हणून. काल मी पहिल्यांदा भाषणाला उभी राहिले. पोडियमच्या वर माझं फक्त कपाळ आलं. शाळेत प्यायला पाणी नसतं, मुलं घेरी येऊन पडतात, हे मी सांगत होते. तेवढ्यात समोरून वकीलसाहेब म्हणाले, अध्यक्षमहाराज, आवाज ऐकू येतोय, सदस्या कधी येणार?"

"मग?"

"मग काय, सगळे हसले. मलाही हसू आलं. मला हसले त्याचं काही नाही, मामा. पण मुलांचं ते वाक्य हशात बुडालं. नंतर ते कोणाला आठवलंच नाही."

मामाने इकडेतिकडे पाहिले. मग सरसाचे भांडे उचलून बाजूला ठेवले आणि मला हातात घेतले. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला निवडले होते. त्याने मला कापले, चारी बाजूंनी फळ्या जोडून पोकळ खोका केला, उचलायला एका बाजूला मूठ जाईल असे भोक पाडले. पोडियमला होता तोच काळा रंग दिला. गाठ मात्र त्याने मुद्दाम वरच्या बाजूला, मागच्या कडेजवळ ठेवली.

"अरे, गाठीवर पाय घसरतो ना?" बाईंनी विचारले.

"घसरतो. म्हणून तिथं पाय द्यायचा नाही. बोलण्याच्या भरात तू मागे सरकशील. टाचेला गाठ लागली की समजायचं, आता मागे जागा नाही. तिच्या पलीकडे टाच नेऊ नकोस."

अशी मी बाईंची झाले, मित्रांनो.

बाईंच्या मोटारीचा ड्रायव्हर एवढा उंच होता की गाडीत बसताना त्याला स्वतःची घडी घालावी लागे. बाई त्याला लंबू म्हणत. सभा सुरू होण्याआधी लंबू मला गुपचूप आत नेऊन पोडियमच्या पोटातल्या रिकाम्या कप्प्यात सरकवून ठेवी. पोडियमची फळी समोरून जमिनीपर्यंत होती आणि मागे नुसती भिंत, त्यामुळे मी कोणाच्या दृष्टीस पडत नसे. बाई आल्या की पायाने मला बाहेर ओढत, माझ्यावर चढत आणि भाषण संपले की पायानेच आत ढकलत. पहिल्या दिवशी बाईंचा पूर्ण चेहरा पोडियमच्या वर आला, तेव्हा वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला म्हणतात. मला दिसले नाही. मला नंतर लंबूकडून कळले.

"बाई, तुमची उंची डिकीत ठेवलीय," परत निघताना लंबू म्हणे.

"हळू चालव. खड्ड्यात आदळली तर मी उद्या बुटकी होईन."

डिकीतला अंधार मला आवडे. गाडी चालू लागली की चाकांची घरघर अंगात शिरायची, बाईंचा आणि लंबूचा आवाज पाठीमागच्या आसनातून गाळून आल्यासारखा मऊ यायचा, आणि मी झोपेत पुन्हा तो जिना पाहायची. आता त्यावर एकच पाऊल चढत असे. लहानसे, काळ्या बुटातले.

वर्षे गेली. बाई मंत्री झाल्या. वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयी मोठमोठे शब्द येऊ लागले. त्या खडकासारख्या उभ्या राहतात, असे एकाने लिहिले. मित्रांनो, तो खडक भाषणाआधी थरथरायचा. उजव्या पायाची बोटे बुटाच्या आत वळून घट्ट मिटायची, जणू थंडी वाजते आहे. पहिली दोन वाक्ये झाली की बोटे उलगडायची. राग आला की चवडा दाबला जाई. विनोद सुचला की तो ओठांवर यायच्या आधी डावी टाच उचलली जाई. आणि टाच मागे सरकत गाठीपाशी आली की थबके. धैर्य म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन की ते आधी थरथरते आणि मग उलगडते. न थरथरणारे पाय मी फारसे पाहिले नाहीत, आणि जे पाहिले त्यांना बहुतेक वेळा काही सांगायचे नसे.

एक गोष्ट मात्र हळूहळू बदलली. रस्त्यात लोक भेटत आणि चकित होऊन म्हणत, "बाई, आम्हाला वाटलं तुम्ही चांगल्या उंच असाल."

"मलाही तसंच वाटायला लागलंय," बाई हसून सांगत.

पण ते नुसते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. माझ्यावाचून त्या आता कुठेच बोलत नसत. एकदा दुसऱ्या गावी जाताना गाडी बिघडली आणि बाई दुसऱ्या मोटारीने पुढे गेल्या. लंबू मला घेऊन पोचेपर्यंत बाई सभेच्या मागच्या खोलीत बसून राहिल्या. माणसे ताटकळली, पण त्या बाहेर आल्या नाहीत. माझ्यावर चढल्या तेव्हा त्यांची बोटे कधी नव्हती इतकी घट्ट मिटलेली होती. तो हशा अजून त्यांच्या बुटात होता.

शेवटी ज्यासाठी त्या सभागृहात आल्या होत्या, तो दिवस उजाडला. प्रत्येक शाळेत पिण्याच्या पाण्याचा नळ असलाच पाहिजे, असा कायदा बाईंनी मांडला. बाजूने किती, विरुद्ध किती, काही धड सांगता येत नव्हते. बाई माझ्यावर उभ्या राहून बोलल्या. या वेळी मुलांचे वाक्य कोणी बुडवले नाही. टाळ्या झाल्या. त्यांनी मला पायाने आत सारले आणि त्या जागेवर जाऊन बसल्या.

मग विरोध करायला वकीलसाहेब उठले. कप्प्यातून मला त्यांचे बूट दिसले. मोठे, लखलखीत, पण एकमेकांच्या फार जवळ पडणारे. सोबत एक काठी होती. ते बरेच महिने आजारी होते आणि त्यांची पाठ विळ्यासारखी वाकली होती. ज्यांच्या मापाने तो पोडियम केला होता, तेच आता त्याच्या वर दिसत नव्हते. त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि बाईंच्याच बाजूच्या मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "अध्यक्षमहाराज, आवाज येतोय, सदस्य कधी येणार?"

सभागृह हसले. तो विनोद आता तिथला जुनाच झाला होता, मालक तेवढा बदलला होता. वकीलसाहेबांचे कागद खालवर झाले. एक कागद निसटून माझ्या तोंडाशी येऊन पडला. काठी दोनदा फरशीवर वाजली, पण आवाज काही निघेना. बाईंच्या बाजूची माणसे खुशीत कुजबुजत होती. आता म्हातारा काय बोलणार, कायदा झालाच.

तेवढ्यात ओळखीची पावले ऐकू आली. बाई उठून आल्या होत्या. त्या वकीलसाहेबांच्या पायांपाशी गुडघ्यावर बसल्या. त्यांनी कप्प्यात हात घातला आणि मला भोकात बोटे घालून सगळ्यांसमोर बाहेर ओढले. मंत्रीबाई विरोधकाच्या पायाशी काय करतात ते पाहायला सभागृह उभे राहिले. हशा जिथल्या तिथे थांबला.

"वकीलसाहेब, यावर उभे राहा," बाई म्हणाल्या.

"हे काय आहे?"

"माझी उंची. इतकी वर्षं इथंच होती."

वकीलसाहेबांनी काठीचे टोक माझ्यावर टेकवले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्या त्या एका वाक्यापायी?"

"हो."

"बाई, मी आता तुमच्या विरोधात बोलणार आहे. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. नीट दिसून बोला. मागे एक गाठ आहे, तिच्या पलीकडे टाच नेऊ नका."

बाईंनी त्यांच्या कोपराला आधार दिला. ते जड बूट माझ्यावर चढले, आणि मला जाणवले की त्यांच्याही उजव्या पायाची बोटे बुटात घट्ट मिटली होती. अगदी तशीच.

मग ते बोलले. म्हणाले, नळ लावायला कायदा पुरतो, पण पाणी आणायला तळे लागते आणि त्यातून निघणारी नळी लागते. या कायद्यात नळ आहेत, तळी कुठे आहेत? अर्ध्या शाळांत कोरडे नळ लागतील. तहानलेल्या मुलाला विहीर लांब आहे हे समजते. डोळ्यांसमोरचा कोरडा नळ त्याला कसा समजावणार? हे ऐकून सभागृह विचारात पडले. हात वर झाले, मोजले गेले आणि बाईंचा कायदा पडला.

परतीच्या वाटेवर लंबू गाडी एवढी आदळत चालवत होता की मी डिकीत एका कडेवरून दुसऱ्या कडेला जात होते.

"बाई, त्यांना तसंच ठेवलं असतं तर आज आपला कायदा झाला असता."

"झाला असता. आणि अर्ध्या नळांना पाणी नसतं."

लंबूने गियर बदलला. मग म्हणाला, "आणि समजा ते चुकीचं बोलले असते, तर?"

"तरी पायरी दिलीच असती. फक्त मग मी तुझ्याइतकीच चिडून बसले असते. आता हळू चालव, तिला लागेल."

पुढच्या वर्षी बाईंनी कायदा पुन्हा लिहिला. आधी तळी, मग नळ्या, मग नळ. त्याच्या बाजूने सगळ्यात लांबलचक भाषण वकीलसाहेबांनी केले, माझ्यावर उभे राहून. भाषण संपल्यावर त्यांनी मला आत सारले नाही. काठीच्या टोकाने बाईंच्या बाजूला सरकवले. कायदा झाला. पहिला नळ पाहायला मात्र ते राहिले नाहीत.

तो पहिला नळ एका लहानशा शाळेच्या अंगणात बसला. त्याच्या उद्घाटनाला बाई आल्या. आता त्यांचे केस पांढरे झाले होते आणि वयाने त्या आणखी ठेंगण्या झाल्या होत्या. अंगणात गर्दी मावत नव्हती. एका कडेला उंच पोडियम आणून ठेवला होता आणि लंबूने मला त्याच्यामागे मांडले होते. आधी पाणी, मग भाषण, असे ठरले होते. पहिली ओंजळ शाळेतल्या सगळ्यात धाकट्या मुलीने प्यायची होती.

मुलगी पुढे झाली. चवड्यांवर उभी राहिली. हात वर केला. तिची बोटे नळाच्या खाली कुठेतरी हवेतच राहिली. तिने एक उडी मारली, मग मागे वळून बाईंकडे पाहिले.

सगळे प्लंबरकडे पाहू लागले. तो बिचारा गोरामोरा झाला. "बाई, कायद्यात पाणी कसं हवं ते लिहिलंय, नळी किती जाड तेही लिहिलंय. उंची कुठं लिहिलेली नाही. मी आपला नेहमीसारखा, माझ्या छातीला धरून लावला."

तो खरे बोलत होता. बाईंनी एकदा नळाकडे पाहिले, एकदा मुलीकडे. पोडियमच्या वर जिचे नुसते कपाळ आले होते, तिने मुलांसाठी कायदा केला आणि त्यात उंची लिहायची राहून गेली होती.

"लंबू," त्या हळूच म्हणाल्या, "हा कायदा मांडताना मी कुठं उभी होते?"

"पायरीवर, बाई."

"तरीच. जमिनीवर असते तर आठवलं असतं." त्या प्लंबरकडे वळल्या. "तुमची चूक नाही. पुढचे सगळे नळ लावताना आधी शाळेतल्या सगळ्यात लहान मुलाला शेजारी उभं करा. आणि लंबू, ती पायरी इकडे आण."

"बाई, लोक भाषणाला थांबलेत. मग तुम्ही कशावर उभ्या राहणार?"

"मी आता पुरती वाढलेय. आण तू."

लंबूने मला नळाखाली ठेवले. मुलगी चढली. अनवाणी पाय होते ते, मित्रांनो. बुटाचा तळ नव्हता मध्ये. तिने तोटी फिरवली. आधी वाऱ्याचा सूं सूं आवाज आला, मग पाणी धो धो तिच्या ओंजळीतून सांडून माझ्या अंगावर आले. किती वर्षांनी पाणी मुरले माझ्यात. मला वाटले, मी फळी नाहीच. मी अजून झाड आहे, कुठल्यातरी नदीकाठी उभी आहे आणि हे पाणी मुळांपासून वर वर चढते आहे.

त्याच तंद्रीत मला बाईंची पावले ऐकू आली. त्या पोडियमच्या मागे गेल्या नाहीत. त्याच्या शेजारी, उघड्यावर, मातीत उभ्या राहिल्या. त्यांची बोटे मिटली होती की नाही, मला सांगता येणार नाही. पहिल्यांदाच मी त्यांच्या पायांखाली नव्हते. त्यांनी दोन वाक्ये बोलल्यावर गर्दीच्या मागून कोण्या आजीने अगदी मनापासून विचारले, "आवाज येतोय गं, पण बाई कुठाय?"

सगळ्या माना आजीकडे वळल्या. मग बाईंनी हात उंच केला. "इथंच आहे, आजी. जरा खाली बघा."

लोक हसले. बाई सगळ्यांहून जास्त हसल्या. मग मागची माणसे पुढे सरकली, पुढची खाली बसली, आणि बाई सगळ्यांना दिसल्या. मुलांचे ते वाक्य त्यांनी तिथेही सांगितले. ते बुडाले नाही. बरोबर घरी गेले, प्रत्येकाच्या.

निघताना लंबू मला उचलायला आला, पण माझ्यावर तिसरे मूल उभे होते आणि मागे मोठी रांग होती. बाई वाकल्या. ओल्या फळीवरून त्यांनी एकदा हात फिरवला आणि गाठीवर अंगठा ठेवला. "राहू दे हिला," म्हणाल्या. डिकी त्या दिवशी रिकामीच गेली.

त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. बाई नाहीत, लंबूही नाही. सभागृहात बाईंचे मोठे चित्र लावले आहे म्हणतात. चित्रकाराने फोटो पाहून काढले, त्यामुळे बाई त्यात चांगल्या उंच आहेत. इकडे माझा काळा रंग केव्हाच गेला. एक कोपरा कुजला आहे, एक फळी हलते. कधी मुले मला पाय लावून दूर लोटतात, कधी खेळात अडसर म्हणून भिंतीकडे फेकतात, आणि मग रांगेतले सगळ्यात लहान मूल नळाखाली हात वर करून उभे राहते. मला लागते त्याचे मला काही नाही, मित्रांनो. लाकडाला लागायचेच. पण पाणी पिऊन झाले की एवढे करा. खाली उतरा आणि मला तुमच्या मागे जो उभा असेल त्याच्या पायाशी सरकवा. तो तुमच्याशी भांडलेला असला, तुमच्या विरुद्ध बोलणारा असला, तरी.

परवाचीच गोष्ट. दोन मुलींचे सकाळी कडाक्याचे भांडण झाले होते. एकीने दुसरीचे नाव गुरुजींना सांगितले होते. मधल्या सुट्टीत त्या नेमक्या रांगेत एकीमागे एक आल्या. पुढची पाणी प्यायली, उतरली आणि तोंड फिरवून निघाली. दोन पावले गेली आणि थांबली. परत आली. तिने मला पायाने मागे सरकवले. दुसरी चढली. तेव्हा पहिली तिच्याकडे न बघताच म्हणाली, "मागे गाठ आहे. तिच्या पलीकडे टाच नेऊ नकोस."

ते वाक्य तिला कोणी शिकवले, ते तिलाही ठाऊक नसेल. बहुधा तिच्या आधीच्या मुलीने, आणि तिला तिच्या आधीच्या. मी मात्र ओल्या उन्हात डोळे मिटले, आणि तो जिना मला पुन्हा दिसला. या वेळी तो पुरता होता, आणि मी त्याची सगळ्यात खालची पायरी होते.